शून्य ग्रॅम कचरा

आजोबा आले ते तीन आठवड्यांपुरते. लेकीने फोनवर तसं स्पष्टच सांगितलं होतं आणि आजोबांनी तसं स्पष्टच ऐकलं होतं. मुलींना सांभाळणाऱ्या बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली होती. जावई जहाजावर. लेक डोळ्यांच्या दवाखान्यात, अंधाऱ्या खोलीत उभी राहून दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढणार. थोरली सात वर्षांची, धाकटी चार. दुपारी बारापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत घरात कुणीतरी हवं होतं. आजोबा होते.

"तीन आठवडे होऊ देत, मग पुढचं बघू," लेक म्हणाली होती.

आजोबा चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. दुकानदाराच्या तराजूला पासंग आहे की नाही, मापाचा तळ आत ठोकलाय की नाही, वजनावर सरकारी शिक्का आहे की नाही, हे बघत ते आयुष्यभर बाजार हिंडले. त्या चौतीस वर्षांत शेकडो लोक त्यांना 'बघू, साहेब' म्हणाले होते आणि त्याचा अर्थ एकदाही 'हो' असा निघाला नव्हता.

त्यांना राहायचं होतं. ते हे कुणाला बोलले नव्हते, स्वतःशी म्हणायचे तेही हळूच. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात दोन कप होते आणि त्यातला एक कोरडाच राहायचा. इथे सकाळी उठल्या उठल्या कुणीतरी त्यांच्या चपला घालून पळालेलं असायचं. माणसाला आणखी काय लागतं?

पण मुली सांभाळायच्या म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शोधता शोधता फ्रीजवर एक कागद सापडला. शाळेतून आलेला, चुंबकाखाली पिवळा पडत चाललेला. 'घरच्या घरी पर्यावरण : लहान मुलांसोबत करण्याच्या दहा सोप्या गोष्टी'. आजोबांनी चष्मा लावून तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

"हे परिपत्रक कधीचं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"परिपत्रक नाही हो, बाबा. शाळा असलं काहीबाही पाठवत असते. वेळ कुणाला आहे?"

"अंमलबजावणी झालेलीच नाही, असं म्हण की."

दुसऱ्या दिवसापासून अंमलबजावणी सुरू झाली.

पहिलं कलम, दात घासताना नळ बंद ठेवावा. आजोबांनी नळाखाली बादली लावली, धाकटीला नेहमीसारखे दात घासायला लावले आणि नंतर बादलीतलं पाणी लिटरच्या मापाने मोजलं. अकरा लिटर सातशे मिलिलिटर निघालं.

"एवढं मी थुंकले?" धाकटी घाबरून म्हणाली.

तेव्हापासून ती एका कपात दात घासू लागली आणि त्यातलाही अर्धा कप उरवून कुंडीला घालू लागली.

दुसऱ्या कलमाप्रमाणे अंड्याच्या टरफलात माती भरून धणे पेरले. तिसऱ्या कलमाप्रमाणे जुन्या मोज्यांची बाहुली केली. ती इतकी भेसूर झाली की धाकटीने तिला कपाटावर तोंड भिंतीकडे करून बसवलं. चौथं आणि पाचवंही झालं. गाडं अडलं ते सहाव्यावर. 'घरातला कचरा कमी करा.'

"कमी म्हणजे किती?" आजोबांनी कागदाला विचारलं. "कशापेक्षा? आणि हे ठरवणार कोण?"

कागद गप्प. मग आजोबांनी आपला तराजू काढला. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेला, पितळी, सोबत लाकडी खोक्यात पाच ग्रॅमपासून किलोपर्यंतची वजनं. कुणाला निवृत्तीला घड्याळ मिळतं, कुणाला शाल. आजोबांना हा मिळाला आणि त्यांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीत खिळा ठोकून त्यांनी तो टांगला. दोन्ही पारडी हलली, डुलली आणि काटा मधोमध येऊन थांबला, तेव्हा दोघी मुलींनी एकदमच श्वास सोडला.

दुसऱ्या सोमवारपासून रोज सहाला कचरा तोलला जाऊ लागला. पावणेसहाला आजोबा चहा ठेवायचे, तोवर मुलींनी कचऱ्याचा डबा आणायचा. रिकाम्या डब्याचं वजन आधीच करून ठेवलेलं, ते वजा. धाकटी वजनं ठेवणार, थोरली आकडा पुकारणार, आजोबा वहीत लिहिणार. धाकटीला आकडे वाचता येत नव्हते, पण हाताला वजनं ओळखू यायची. दोघींनी त्यांचं एक गाणंही जुळवलं होतं.

*पाचाला दहाने कडेवर घेतलं,*
*दहाला विसाने मांडीवर घेतलं,*
*विसाला पन्नासने पाठीवर घेतलं,*
*शंभर बिचारा, त्याला कोण घेतं?*

शेवटच्या ओळीला धाकटी शंभराचं वजन आजोबांच्या ओंजळीत टाकायची.

सोमवारी एक किलो तीनशे चाळीस भरलं. मग भाज्यांची सालं गच्चीतल्या मोठ्या कुंडीत वाळक्या पानांबरोबर जाऊ लागली, रद्दी वेगळी झाली, धाकटीने ताटात टाकणं सोडलं. मंगळवारी एक किलो एकशे वीस, बुधवारी आठशे नव्वद, गुरुवारी सातशे साठ. संध्याकाळी लेक घरी यायची, पर्स खांद्यावरच ठेवून आधी वही उघडायची, क्षणभर बघायची आणि "छान" म्हणून हात धुवायला जायची. त्या एका 'छान'साठी आजोबा साडेपाचपासून दाढी करून तयार असायचे.

गुरुवारी कुंडी काठोकाठ भरली. "आता चाळीस दिवस थांबायचं," आजोबांनी सांगितलं. "आतल्या आत शिजू दे. मातीला घाई चालत नाही."

त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला. आजोबा रद्दी द्यायला खाली गेले होते. लेक गच्चीत उभी राहून बोलत होती आणि दाराआड थोरली बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती.

शुक्रवारी कचरा भरला चारशे दहा ग्रॅम.

कुंडी भरलेली, सालं पुन्हा डब्यात पडतायत, तरी वजन निम्म्यावर. आजोबांच्या जागी दुसरा कुठलाही निरीक्षक असता तर त्याने तिथेच पेन खाली ठेवलं असतं. खुद्द आजोबांनी एकदा सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातलं माप जप्त केलं होतं आणि मेहुणा अजून बोलत नव्हता. पण इथे पारड्याशी दोन वेण्या होत्या. आजोबांनी 'चारशे दहा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली.

शनिवारी दोनशे साठ, रविवारी एकशे चाळीस, सोमवारी पंच्याऐंशी, मंगळवारी तीस. बुधवारी थोरलीने पुकारलं, "शून्य."

काटा देवासारखा स्थिर होता. आजोबांनी शून्य काढलं. इतकं गोल शून्य त्यांच्या हातून कधी निघालं नव्हतं.

"छान," लेक म्हणाली. पण या वेळी ती वही ठेवायला आजोबांच्या पलंगाशी गेली, तिथेच थांबली आणि तिने नाक जरा वर केलं. "कसलातरी वास येतोय का हो, बाबा?"

येत होता. आजोबांना तो दोन दिवस येत होता.

ते मुलींच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर झोपायचे आणि वास नेमका तिथेच होता. मुलींच्या पलंगाशी नाही, दाराशी नाही. आजोबा उठून दुसरीकडे गेले की नाही, पलंगावर येऊन बसले की आहे. निरीक्षकाला यातून एकच निष्कर्ष काढता येत होता आणि त्यांनी तो काढला.

त्यांना आपले वडील आठवले. शेवटच्या वर्षी त्यांच्या अंगाला असाच वास यायचा, आंबूस, जुनाट. घरातलं कुणी त्यांना तसं म्हणालं नाही. फक्त नातवंडं त्यांच्या मांडीवर बसेनाशी झाली.

आजोबांनी बुटांचा वास घेतला. बनियनचा घेतला. पांघरूण धुतलं, गादी उन्हात टाकली, वास तिथेच. बुधवारपासून ते दिवसातून दोनदा आंघोळ करू लागले. बाहेर धाकटी उभी राहून मोजायची.

"आजोबा, आठ मगे झाले."

"होऊ देत."

"परिपत्रकात पाच आहेत."

"मोठ्या माणसाला आठ."

"असं लिहिलेलं नाहीये, ताईने वाचून दाखवलंय."

संध्याकाळी लेकीने ओला टॉवेल बघितला. "बाबा, पुन्हा आंघोळ केलीत? आठ मगे म्हणे."

"उकडतंय."

"पंखा तर बंद आहे."

"वीज वाचते."

लेकीने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. दवाखान्यात पेशंट शेवटची ओळ वाचताना अडखळला की ती तसं बघायची. "तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे की."

मुली या सगळ्यात अळीमिळी गुपचिळी. रोज झोपताना पांघरूण नाकावर ओढून घ्यायच्या, पण वासाबद्दल चकार शब्द नाही. आजोबांना ते कळलं. एवढ्याएवढ्या पोरी, म्हाताऱ्याचं मन सांभाळतायत.

शुक्रवारी दुपारी त्यांनी ठरवलं. सोमवारी एक तारीख, तीन आठवडे संपले. लेक काहीतरी सांगणार, आणि ती मऊ मनाची, तिला ते सांगताना त्रास होणार. त्यापेक्षा आपणच निघावं. 'घर बरेच दिवस बंद आहे, नळ बघायला हवेत,' एवढं म्हटलं की झालं. मुली शेजारी खेळायला गेल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर आणि बैठकीवर रचलेले कपडे त्यांनी एकेक करून पलंगावर मांडले. चार सदरे, तीन पायजमे, एक स्वेटर. घड्या घातल्या. मग गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि पलंगाखालून आपली पेटी ओढली.

पेटी जड होती.

आजोबा तसेच वाकलेले थांबले. त्यांनी कडी धरून पेटी वीतभर उचलली आणि हातात तोलली. ही पत्र्याची पेटी रिकामी दोन किलो नऊशे भरते, हे त्यांना पाठ होतं. हात सांगत होता, सात किलो. सात दोनशे म्हणा हवं तर. म्हणजे आत चार किलो तीनशेचा माल, आणि मालक आपण असून आपल्याला पत्ता नाही.

त्यांनी कडी काढली. वासाने त्यांना दोन पावलं मागे ढकललं.

आत सगळं ओळीने लावलेलं होतं. केळ्यांची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून, दुधाच्या न धुतलेल्या पिशव्या, कांद्याच्या टरफलांचा डोंगर, चहाचा चोथा आजोबांच्याच जुन्या मोज्यात भरून गाठ मारलेला. अंड्यांची टरफलं एकात एक घालून उभी. एवढी नीटनेटकी चोरी आजोबांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

ते पलंगाच्या कडेवर बसले. मग त्यांनी आपला दंड नाकाशी नेला आणि खोल श्वास घेतला. साबणाचा वास आला. नुसता साबणाचा. बराच वेळ ते दंडाचाच वास घेत बसले.

मुली चारला आल्या. दारातच थबकल्या.

"हे कुणी ठेवलं?" आजोबांनी विचारलं.

"आधी तू सांग, पेटी का काढलीस?" थोरली म्हणाली.

"प्रश्न मी विचारतोय."

"मी पण विचारतेय."

"मी फक्त केळ्याची सालं ठेवली," धाकटीने लगेच माफीचा साक्षीदार व्हायचं ठरवलं. "बाकी सगळं ताईने."

"आणि अंड्यांची टरफलं?"

"ती मीच. पण फुटकीच घेतली."

"रोज पावणेसहाला? मी चहा ठेवताना?"

"तू चहा फार वेळ ढवळतोस," थोरली म्हणाली.

"पेटीतच का?"

थोरलीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू वर्गात तिच्या शेजारी एक ढ मुलगा बसवलाय. "तू इथे राहिलास तर पेटी कशाला उघडशील? आणि गेलास तर ती तुझ्याबरोबरच जाईल. म्हणजे घरात कचरा नाहीच ना?"

लबाडीची कारणं आजोबांनी पोत्याने ऐकली होती. पण इतकं बिनतोड कुणी बोललं नव्हतं. "आणि मी राहण्याचा कचऱ्याशी काय संबंध?"

"आई पप्पांना फोनवर म्हणाली. बाबांना जमतंय का ते बघतेय. जमलं तर राहतील, नाहीतर एक तारखेपासून नवं पाळणाघर." थोरली आता बुटाच्या टोकाकडे बघत होती. "आणि घरी आली की आई पहिली वही बघते. म्हणून मी जमवलं."

धाकटी येऊन आजोबांच्या मांडीवर बसली. कुणी बोलावलं नव्हतं. जागा रिकामी होती म्हणून बसली.

आजोबांनी पेटीचं झाकण लावलं. "तोलायला घ्या," ते म्हणाले.

"सगळं?"

"माल पकडला की आधी तोलतात. रडायचं असेल तर नंतर."

स्वयंपाकघराच्या दारात वर्तमानपत्रं पसरली. तराजूला सगळं एकदम पेलेना, म्हणून तीन खेपा झाल्या. एकूण चार किलो तीनशे पंधरा. फक्त पंधरा ग्रॅमचा फरक. हात अजून शाबूत होता. मग आजोबांनी वही उघडली आणि चुकीची नोंद कशी दुरुस्त करतात ते शिकवलं. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, पान तर फाडायचंच नाही. खोट्या आकड्यावर एकच आडवी रेघ, मूळ आकडा दिसला पाहिजे. शेजारी खरा आकडा. खाली सही.

"दिसला कशाला पाहिजे?" थोरलीने विचारलं.

"आपण चुकलो होतो हे लपवलं, तर दुरुस्तीला काय अर्थ?"

पेटीत कुठल्या दिवशी किती गेलं, ते थोरलीला ग्रॅममध्ये पाठ होतं. रोज पेटीत टाकण्याआधी, आजोबा चहा ढवळत असताना, त्यांच्या पाठीमागे तिने ते गुपचूप तोललं होतं. आजोबांची मान जरा ताठ झाली. सात रेघा मारल्या. थोरलीने पूर्ण नावाची सही केली. धाकटीने चहाच्या चोथ्यात बुडवलेला अंगठा उमटवला.

साडेसहाला लेक आली. दारात पितळी तराजू, खाली आठवड्याचा कचरा, मुली कोपरापर्यंत माखलेल्या, आजोबा हातात वही घेऊन उभे.

"नोंदींमध्ये दुरुस्ती आहे," आजोबा म्हणाले. "गेल्या शुक्रवारपासूनचे आकडे खोटे होते. देखरेख माझी होती, त्यामुळे जबाबदारी माझी."

लेकीने पर्स खाली ठेवली. वही वाचली. पेटी बघितली. मग थोरलीने, विचारलं नसताना, फोनपासून पेटीपर्यंतची हकीकत एका दमात सांगून टाकली. लेक भिंतीला टेकली.

"म्हणजे तो वास हा होता," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं..." ती थांबली.

"मलाही," आजोबा म्हणाले.

लेकीने ओठ घट्ट मिटले, पण उपयोग झाला नाही. "आठ मगे," एवढंच कसंबसं म्हणाली आणि भिंतीवरून घसरत जमिनीवर बसून हसत राहिली. धाकटीही हसली, कारण आई हसत होती. आजोबांनी काटा सरळ आहे का ते बघितलं.

डोळे पुसल्यावर लेकीने विचारलं, "पण पेटी का काढलीत?"

"तपासणीला."

"खोटं," थोरली म्हणाली. "घड्या घातलेले कपडे पलंगावर आहेत. मी बघितलेत."

लेकीचं हसू विरलं. तराजूचं एक पारडं उगाच हललं आणि थांबलं.

"पाळणाघराला मी मंगळवारीच नाही म्हणून कळवलंय," ती म्हणाली.

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी का विचारू?"

"मग मी तरी का सांगू?" लेक म्हणाली. "लेकीच्या घरी राहायचंय, एवढं तोंडाने म्हणायला काय होतं तुम्हाला?"

आजोबांनी वहीचं पान उलटलं. "मंगळवारी तर तीस ग्रॅम भरले होते," ते म्हणाले. "तेही खोटे. तेवढ्यावर निर्णय घेणं योग्य नाही."

"बाबा, वहीतला आकडा मी आजच्या आधी एकदाही वाचला नव्हता." लेक उठून हात झटकत म्हणाली. "तुमचं अक्षर बघायचे. हात थरथरतोय का, ओळ सोडून जाताय का, एवढंच. आणि मंगळवारी मी घरात आले तेव्हा या दोघी दहाचं वजन कुणी हरवलं म्हणून भांडत होत्या. मी आलेय हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्या बाईंकडे असताना मला बघितलं की आधी गळ्यात पडून रडायच्या. मी जिन्यात परत जाऊन पाच मिनिटं बसले आणि तिथूनच फोन केला."

"दहाचं फ्रीजखाली सापडलं," धाकटी म्हणाली.

पेटीला तळाशी ओल धरली होती. लेकीने वाकून आत बघितलं आणि नाक मुरडलं. "ही आता कपड्यांच्या कामाची नाही."

"नाही," आजोबा म्हणाले. "पण कुंडी भरली आहे. तळाला भोकं पाडली, खाली विटा ठेवल्या, तर गच्चीत चालेल. झाकण आहे, कडी आहे. माती चांगली होईल."

"मग आजोबाचे कपडे कुठे राहणार?" थोरलीने विचारलं.

लेक आत गेली. कपाटाचं दार करकरलं. तिने मधल्या कप्प्यातली आपली स्वेटरं काढून कवेत घेतली, वरच्या कप्प्यात कोंबली, कोंबता येईनात ती धाकटीच्या डोक्यावर टाकली आणि रिकाम्या फळीवरून ओढणीने एकदा हात फिरवला. आजोबा घड्या घातलेले कपडे दोन्ही हातांवर घेऊन दारात उभे होते.

"पुरेल एवढा?" लेकीने विचारलं.

"सगळे मिळून साडेतीन किलो आहेत."

"वजन नका सांगू, बाबा. ठेवा."

आजोबांनी ठेवले.